मोहाखालची झाडलोट

सावनेर

परीक्षेच्या दिवसांत शाळेतला सगळ्यात रिकामा माणूस म्हणजे चित्रकलेचा मास्तर. गणिताचे आणि इंग्रजीचे मास्तर पेपरांच्या गठ्ठ्यांत मान खुपसून बसतात आणि मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसाठी चहा मागवतो. माझ्या या रिकामपणाची बातमी नागपूरला ताईच्या कानावर कोणी घातली कोण जाणे. बहुतेक आमच्या बायकोनंच घातली असावी.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्न होऊन नागपुरातल्या महाल भागात गेली, दोन पोरं सांभाळता सांभाळता शिकली आणि आता तिथल्या कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवते. हा विषय नेमका काय असतो ते आमच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. नरखेडकडच्या आमच्या गावात कोणी विचारलं की ते सांगत, "दुसऱ्याच्या घरी काय शिजते ते पाह्यते अन् लिहून ठेवते." याहून चांगली व्याख्या मला अजून भेटलेली नाही.

तर ही ताई मार्च सरताना एका सकाळी एसटीतून सावनेरला उतरली आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच मला म्हणाली, "वशा, तुले नकाशा काढता येते नं?"

"भारताचा येते. श्रीलंकेसकट."

"झाडांचा काढायचा आहे. कपडे भर."

प्रकरण असं होतं. पारशिवनीच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी कोसमझरी नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. गावाला लागून ओढ्याकाठी मोहाच्या जुन्या झाडांचं एक बन आहे. जंगल सरकारचं, त्यामुळे बनही सरकारचं. ते सगळं तोडून तिथं सागवान लावायचं ठरलं होतं. मात्र तोडण्याआधी एक अधिकारी येऊन चौकशी करणार होता, की या झाडांवर कोणाची पिढीजात वहिवाट आहे का. असेल तर झाडं राहतील, नसेल तर कुऱ्हाड. गावात लिहिणारं कोणी नाही, म्हणून ताईनं हे काम आपणहून अंगावर घेतलं होतं. पाणी कोणाचं, मासे धरायचा डोह कोणाचा, झाड कोणाचं, हे सगळं ती विचारून लिहिणार आणि मी नकाशावर मांडणार. दिवाळीत आणि पावसाळ्यात ती त्या गावात अनेकदा राहून आली होती. पण चैत्रात कॉलेजच्या परीक्षा असल्यानं मोहाच्या हंगामात तिचं तिथं जाणं कधी झालं नव्हतं. यंदा तिनं हट्टानं रजा काढली.

भाऊजींनी मला एक चिठ्ठी पाठवली होती, तिच्या जेवणाकडे लक्ष ठेव म्हणून. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, पुढे माझ्याच जेवणाचे किती हाल होणार होते.

कोसमझरी

पारशिवनीपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी आणि शेवटी ओढ्याच्या गोट्यांवरून पायी. पळस ऐन भरात होता. जंगलाची बाकी सगळी पानं झडून गेलेली आणि मध्येच हे लालभडक झाड. सावनेरच्या कोळशाच्या धुळीत वर्षभर राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एवढा रंग एकदम सोसत नाही. मी सारखा थांबत होतो आणि ताई सारखी "चाल गा" म्हणत होती. माझा ड्रॉइंगचा फळा मी उन्हासाठी डोक्यावर धरला होता. गाडीवानानं बराच वेळ तो न्याहाळला आणि विचारलं, "पोळ्या लाटाचा का?"

गावचे पटेल सोमाजी उईके ओढ्यावरच घ्यायला आले होते. साठीतला वाळका माणूस, कानात बाळ्या, मिशा पांढऱ्या आणि आवाज इतका हळू की आपणच वाकून ऐकावं. ताईची त्यांनी लेकीसारखी विचारपूस केली, माझा फळा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि आम्ही गावात शिरलो.

गोंडांची घरं किती स्वच्छ, अंगणं कशी आरशासारखी सारवलेली, हे ताईनं मला वाटभर सांगितलं होतं. प्रत्यक्षात अंगणं धुळीनं भरलेली होती, चुलीशी पुरुष बसले होते आणि एका घरातून जळक्या भाताचा वास येत होता. संध्याकाळी आमच्यापुढे पानात आलेला कुटकी या भरडधान्याचा भात वरून कच्चा आणि खालून करपलेला होता. सोबतच्या पेजेत मीठ दोनदा पडलं होतं. शेजारचा म्हणाला मी टाकलं, सोमाजी म्हणाले मीबी टाकलं. दोघंही मोठ्या प्रेमानं आग्रह करत होते.

"वहिनी कुठं गेल्या?" ताईनं विचारलं.

"माहेरी."

"अन् शेजारच्या?"

"तेबी माहेरी. समद्याच गेल्या."

मी घाबरून विचारलं, "साऱ्या गावाचं एकदम भांडण झालं का?"

यावर सोमाजी पहिल्यांदा हसले. म्हणाले, "नाही गा मास्तर. मोहाले गेल्या." एवढं सांगून त्यांनी मला आणखी पेज वाढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बनात गेलो. मोहाची एवढी जुनी झाडं मी पाहिली नव्हती. दोघांच्या कवेत न मावणारी खोडं, पानं जवळजवळ गळून गेलेली, आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके. फुलं अजून पडायला लागली नव्हती. आभाळ चार दिवसांपासून ढगाळ होतं आणि ढगात मोह गळत नाही असं सगळ्यांनी सांगितलं. ताईनं वही काढली, मी फळा मांडला आणि पहिल्या झाडाशी उभं राहून ताईनं सोमाजींना विचारलं, "हे झाड कोणाचं?"

"माहं नाही."

"मग याचं?" तिनं शेजारी उभ्या असलेल्याकडे बोट केलं.

"माहंबी नाही," तो म्हणाला.

असं आम्ही अख्खं बन फिरलो. गावातल्या एकाही पुरुषाचं एकही झाड नव्हतं. ताई एकेका पुरुषाचं नाव घेऊन, उलटसुलट विचारत होती आणि ते शांतपणे, जराही न चिडता, नाही म्हणत होते. दुपारी ती एका दगडावर बसली. तिचा चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे. वडिलांनी कॉलेजला नाही म्हटलं होतं तेव्हा तो असाच झाला होता. "वशा," ती म्हणाली, "हे असंच साहेबासमोर बोलले तर संपलं सगळं. सोमवारी तो येऊन रायला."

पुढे दोन दिवस ती घरोघर विचारत राहिली आणि मी बनात बसून झाडं काढत राहिलो. तिथं मला एक गोष्ट दिसली. रोज सकाळी गावातले पुरुष फांद्यांचे झाडू घेऊन यायचे आणि मोहाखालची जमीन झाडायचे. पानं गोळा करून जाळायचे, राख बाजूला लोटायचे, खडा न् खडा वेचायचे. स्वतःच्या अंगणात धूळ उडत होती आणि इथं जेवायला बसावं अशी जमीन. त्यातही प्रत्येकाची झाडं ठरलेली. सोमाजी रोज दोनच झाडांखाली झाडायचे, एक ओढ्याकडे वाकलेलं आणि एक त्याच्या मागचं. शेजाऱ्याच्या झाडाखाली वारा पानं घेऊन आला तरी त्याला हात लावायचे नाहीत.

शेवटी मी विचारलं, "पटेल, झाड तुमचं नाही, मग झाडता काहून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस खरंच शाळेत शिकवतो का. "ते येईल नं," ते म्हणाले.

"कोण?"

"मैनी. माही बहीन. तिचं झाड आहे."

मी फळा तिथंच टाकून ताईला बोलवायला पळालो.

आतापर्यंत आम्ही फक्त पुरुषांचीच नावं घेऊन विचारत होतो. आता सोमाजी बोलले आणि सगळा उलगडा झाला. कोसमझरीत मुलीचं लग्न झालं की माहेरचे तिला मोहाचं एक झाड देतात. ती नांदायला जाते, झाड इथंच राहतं. दर चैत्रात फुलं पडायला लागली की ती माहेरी येते, पहाटे फुलं वेचते, वाळवते आणि बांधून आपल्या घरी नेते. वर्षभराचं खाणं त्यात असतं. भावाचं काम एवढंच, की ती यायच्या आत जमीन झाडून ठेवायची आणि रानडुकरांपासून राखण करायची. फुलाला त्यानं हात लावायचा नाही. घरात खायला नसलं तरी नाही. त्याच्या घरात मोह येतो तो बायकोच्या माहेरून. म्हणून तर गावातल्या सुना आपापल्या झाडांवर गेल्या होत्या. त्यांची माहेरं खालच्या सपाटीला, तिथं मोह आधी गळतो. कोसमझरीच्या लेकी अजून यायच्या होत्या. सुना गेलेल्या आणि लेकी न आलेल्या, अशा नेमक्या मधल्या दिवसांत आम्ही जेवायला येऊन बसलो होतो.

ताईनं चष्मा काढून पदरानं पुसला. तिला फार आनंद झाला होता. मलाही काहीतरी वाटलं. आमच्याकडे भाऊबीजेला बहीण येते, आपण ओवाळणी टाकतो, ती पाटावरून उठते आणि दोन दिवसांनी एसटीत बसते. मी ताईला दर वर्षी आंब्याची टोपली पाठवतो आणि फार मोठं काही केल्यासारखा मिरवतो. इथं ओवाळणी जमिनीत रुजलेली होती.

पण आनंद फार वेळ टिकला नाही, कारण सोमवार जवळ आला होता.

"सोमाजी," ताई म्हणाली, "साहेबाले फक्त एवढं म्हणा, की झाडं आमची आहेत. एका घरचीच तर गोष्ट आहे."

सोमाजींनी मान हलवली. "बहिनीच्या झाडाले माहं म्हनू? मंग मी तिच्या पुढं उभा कसा राहीन, ताई?"

"मग बहिणींना बोलावून घ्या."

तेही जमणार नव्हतं. बहिणीला तिच्या झाडावर बोलवायचं नसतं. तिची वस्तू आहे, ती तिच्या मनानं येईल. भावानं बोलावलं तर त्याचा अर्थ होतो की झाड भावाचं आहे आणि तो तिला येऊ देऊन राहिला आहे. असं बोलावणं गेलं तर ती रागानं त्या वर्षी यायचीच नाही. कोणत्याही पुरुषाला ते मान्य नव्हतं. झाडं तुटणार हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. सोमाजींचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षाही हळू झाला होता आणि मोहावर कुऱ्हाड पडली तर मैनीले काय तोंड दाखवू, असं ते दोनदा म्हणाले. पण झाड वाचवायला तिचा हक्क मोडायचा, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हती.

मी म्हणालो, "पटेल, तुम्हाले बोलावता येत नाही. मले?"

सोमाजींनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आमी तुमाले धाडत नाही. पन तुमाले डोंगर पाहाचा असन तं तिकडून वाट आहे."

डोंगरापलीकडे

सोमाजींची मैनी, म्हणजे मैनाबाई, डोंगरापलीकडच्या पिपरडोहात राहत होती. वाट सोपी आहे असं सगळ्यांनी सांगितलं. जंगलातल्या माणसानं सोपी म्हटलेल्या वाटेवर कोणी विश्वास ठेवू नये. पहिल्या तासात मी ओढ्याच्या चुकीच्या फाट्याला लागलो, दुसऱ्यात चपलेचा अंगठा तुटला, आणि नंतर एका झुडपात असा काही आवाज आला की मी ड्रॉइंगची पेन्सिल पुढे धरून उभा राहिलो. झुडपातून मोर निघाला. त्यानंही मला पाहून मान वळवली.

पिपरडोहाला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मैनाबाई अंगणात सुपानं धान्य पाखडत होती. भावासारखीच वाळकी, हातभर गोंदलेलं, पण आवाज मात्र घरादाराला पुरून उरेल असा. मी कोण, कुठला, हे न विचारता तिनं आधी पाय धुवायला पाणी दिलं आणि मग ताटात उडदाची डाळ, गरम भाकर आणि मोहफुलं घालून केलेला गोड मुटका. चार-पाच दिवसांच्या करपलेल्या भातानंतर ते जेवण इतकं चांगलं लागलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते तिखटावर ढकललं.

जेवण झाल्यावर मी सोमवारची गोष्ट सांगितली. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"सोम्यानं धाडलं का तुमाले?"

"नाही. त्याले माहीत आहे मी इकडं आलो ते. पण त्यानं धाडलं नाही."

"खरं सांगा मास्तर."

"खरंच नाही. तो तर म्हणे, झाड गेलं तरी बोलावणार नाही."

"मंग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा सूप हलवायला लागली. "त्यानं धाडलं असतं तं मी पाय नसता ठेवला तिथं."

ती येणार का, हे मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ती हसली. "आपल्या झाडाले येतो म्हनून कोनी सांगत फिरते का? तुमी तुमच्या घरात शिरताना कोनाले इचारता का?"

दुसऱ्या दिवशी रविवारचा बाजार होता आणि ती मला सोबत घेऊन गेली. बाजार म्हणजे एका वडाखाली मीठ, बांगड्या, सुकी मासळी आणि चारोळी. आमच्या सावनेरच्या बाजारात आवाज दुकानदाराचा असतो, इथं गिऱ्हाइकांचा होता. मैनाबाईनं मीठ घेतलं आणि मिठासोबत एका बाईशी बोलली. मग बांगड्यांपाशी दुसरीशी. मग मासळीपाशी दोघींशी. एकीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गोंडीत काहीतरी म्हणाली, त्यावर सगळ्या हसल्या. मैनाबाईनं सांगितलं, "ते म्हनते, तुमच्या बहिनीले कोनतं झाड देलं?"

"आमच्यात झाड देत नाहीत," मी म्हणालो.

"मंग ते माहेरी काहून येते?"

परतीच्या वाटेवर, ओढ्याचा बरोबर फाटा धरूनही, तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

मोहबन

सोमवारी साहेब जीपनं ओढ्यापर्यंत आले आणि पुढे चालत. तरुण होते, अकोल्याकडचे, घामानं निथळलेले आणि स्वभावानं काही वाईट नव्हते. ताईला त्यांनी नमस्कार केला, खाटेवर बसून पाणी प्यायले आणि बनात शिरताच त्यांचं पहिलं लक्ष राखेकडे गेलं. जंगलात आग कोणी लावली, असं त्यांनी विचारलं.

मग मुख्य प्रश्न. "या झाडांवर तुमची वहिवाट आहे का?"

गावातले सगळे पुरुष ओळीनं उभे होते. सोमाजींनी हात जोडले. "नाही साहेब. आमची नाही."

"कोणाचीच नाही?"

"आमच्यापैकी कोनाचीच नाही."

ताई पुढे झाली आणि तिनं बहिणींची सगळी रीत समजावून सांगितली. फार छान सांगितली. साहेबांनी मन लावून ऐकली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता हक्क आहे. समोर उभी असलेली माणसं म्हणतात नाही. मी कोणाचं लिहू? आणि ज्यांचा हक्क आहे त्या बाया आहेत कुठं?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी सोमाजींकडे पाहिलं. ते त्या वाकलेल्या झाडाकडे पाहत होते आणि त्यांचे जोडलेले हात तसेच होते. मला माझाच राग आला. काय मोठा निरोप्या बनून गेलो होतो मी, एक माणूस आणता आला नाही.

तेवढ्यात ओढ्याकडून आवाज आला. घरादाराला पुरून उरणारा.

गावच्या लेकी ओढ्यातून चढून वर आल्या. डोक्यावर टोपल्या, काखेत पोरं, पाय गुडघ्यापर्यंत ओले. पुढे मैनाबाई. मला वाटलं ती भावाकडे येईल, निदान साहेबांकडे. तिनं कोणाकडेच पाहिलं नाही. सोमाजींच्या अगदी समोरून ती गेली आणि वाकलेल्या मोहाला हात लावून त्याच्याखाली टोपली ठेवून बसली. मागच्या सगळ्या तशाच. भाऊ ओळीनं उभे, आणि त्यांच्यामधून वाट काढत त्या आपापल्या झाडाशी जाऊन बसल्या. आधी झाड, मग भाऊ, अशीच तिथली रीत आहे हे ताईनं मला नंतर सांगितलं. तेव्हा मी नुसता पाहत होतो.

फूल एकही पडलेलं नव्हतं. रिकाम्या टोपल्या घेऊन त्या झाडलेल्या जमिनीवर बसून होत्या.

साहेब मैनाबाईपाशी गेले. "काय करून राहिल्या इथं?"

"आपल्या झाडाखाली बसून रायली."

"तुझं कशावरून?"

"कोनालेबी इचारा."

त्यांनी खरंच विचारलं. एकेका पुरुषाला बाजूला नेऊन, बोट दाखवून, हे कोणाचं, ते कोणाचं. प्रत्येकानं तेच नाव सांगितलं जे दुसऱ्यानं सांगितलं होतं. कोणी अडलं नाही. अर्धं बन झाल्यावर साहेबांनी कपाळ पुसलं आणि मग त्यांना एक झाड दिसलं ज्याच्याखाली कोणी नव्हतं. वाकलेल्या मोहाच्या मागचं. जमीन मात्र इतरांसारखीच लख्ख होती.

"याचं कोणी आलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे हे सुटं आहे."

"नाही साहेब," सोमाजी म्हणाले. "ते माह्या लहान बहिनीचं. सारजाचं."

"ती कुठं आहे?"

"मेली. मांगल्या पावसाळ्यात."

"मग आता तुमचं झालं."

"माहं कसं होईन? नातीचं लगीन होईन तवा तिले देऊ. तवापर्यंत सारजाचंच."

"पण ती येणार नाही नं आता. मग झाडलं काहून?"

सोमाजींना प्रश्न कळला नाही असं वाटलं. ते म्हणाले, "तिचं झाड आहे म्हनून."

साहेबांनी ओणवं होऊन ती जमीन पाहिली, जणू तिथं काही लिहिलेलं असावं. मग ते खाटेवर जाऊन बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. उठताना ताईला म्हणाले, की शेवटचा निर्णय वरून होईल, पण त्यांनी हे बन तोडणीतून वगळावं असं लिहिलं आहे आणि प्रत्येक झाडाची नोंद बाईच्या नावानं केली आहे. जीपकडे जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "मास्तर, तुम्हाला बहीण आहे का?" मी ताईकडे बोट केलं. ते म्हणाले, "मला दोन आहेत," आणि गेले.

त्या संध्याकाळी कोसमझरीत करपलेल्या भाताचा वास आला नाही. लेकींनी चुली हातात घेतल्या आणि मैनाबाईनं भावाला सगळ्या गावासमोर मिठावरून झापलं. सोमाजींच्या चेहऱ्यावर एवढं सुख मी आधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी आभाळ मोकळं झालं आणि पहाटे मोह गळायला लागला. अंधार सरता सरता टप टप असा आवाज येत होता, आणि जमिनीवर फुगलेल्या बेदाण्यासारखी पिवळसर फुलं. वास गोड, जरा आंबूस, घशात उतरणारा. मैनाबाईनं ताईच्या हातात टोपली दिली आणि सारजाच्या झाडाखाली बसवलं. म्हणाली, यंदा तू वेच, तिलेबी बरं वाटन. ताई वेचायला लागली आणि वेचता वेचता रडली. मीही मदतीला म्हणून वाकलो आणि एक फूल उचललं.

"ओ मास्तर," मागून सोमाजींचा हळू आवाज आला. "ते बहिनीचं काम आहे." त्यांनी माझ्या हातातलं फूल घेऊन ताईच्या टोपलीत टाकलं आणि मला झाडू दिला.

घरी

सावनेरला आल्यावर शाळेतल्या मित्रांनी एकच विचारलं, मोहाची आणली का. नाही म्हटल्यावर माझ्या प्रवासात कोणाला रस राहिला नाही. वैशाखात ताईचं पोस्टकार्ड आलं, की बनातल्या झाडांवर तोडणीच्या खुणा झालेल्या नाहीत आणि सागवानाचे खड्डे ओढ्यापलीकडे घेतले आहेत. पुढचं पुढे. यंदाचा मोह तरी घरोघर पोचला.

सुट्टीत मी नरखेडकडे आमच्या गावी गेलो. मोसंबीच्या बागेत विहिरीजवळ आंब्याचं एक जुनं झाड आहे. लहानपणी ताई त्याच्यावर चढून बसायची आणि वडील खाली उभे राहून ओरडायचे. दर वर्षी आंबे पाडाला आले की मी टोपली भरून महालात पाठवतो. यंदा पाठवली नाही. सकाळी उठून झाडाखाली झाडायला लागलो. पानं, काड्या, खडे. गडी हसले. बायकोनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "ताईंना टोपली नाही गेली अजून?"

"नाही."

"मग निदान या म्हणून कार्ड तरी टाका."

"टाकता येत नाही," मी म्हणालो. तिला वाटलं आम्हा बहीणभावांत काही बिनसलं आहे.

आंबे पडत राहिले. मी एकालाही हात लावला नाही, लावूही दिला नाही. रोज झाडायचो आणि रोज दुपारची एसटी फाट्यावर थांबून निघून जाताना ऐकायचो. मनात धाकधूक होती. ताई शहरातली, तिचं कॉलेज, तिचा संसार. मी इकडे झाडू घेऊन उभा आहे हे तिला कोण सांगणार होतं?

आणि मग एका दुपारी एसटी गेल्यानंतर थोड्या वेळानं ती बांधावरून येताना दिसली. हातात रिकामी टोपली. बायको ओसरीवरून "या या" म्हणत पुढे झाली. ताईनं तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या अगदी समोरून गेली, आंब्याला हात लावला आणि त्याच्याखाली बसली.

मी झाडू हातात धरून उभा होतो. तिनं पहिला आंबा टोपलीत टाकला, मग मान वर करून म्हणाली, "वशा, पानी आण गा."